फोटोतल्या माणसाचं लक्ष कुठं आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्वरीला राहता, पणजीत नोकरी करता, आणि गेली दोन वर्षं सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पणजी, म्हापसा, मडगाव पालथं घालता. फोटो नीट येतात. उजेड-सावली कळते, चौकट जमते. पण बघणारा "छान" म्हणतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो, थांबत कुणी नाही. नेमकं काय कमी पडतं, हा तुमचा मुख्य प्रश्न. सोबत कॅमेरा बदलावा का, कृष्णधवल करावं का आणि लोकांना आधी विचारावं का, हेही विचारलंय.

कॅमेऱ्याचं आधी उरकतो. बदलू नका. तुमच्याकडे आहे तो फुल फ्रेम कॅमेरा आणि 28 मिलिमीटरची लेन्स रस्त्यावरच्या कामाला पुरून उरते. कॅमेरा नसेल त्या दिवशी फोनवर काढा. मी वर्तमानपत्रात बावीस वर्षं फोटो काढले. त्यातले जे लोकांच्या अजून लक्षात आहेत, त्यांतला एकही महागड्या लेन्समुळे झालेला नाही.

आता तुम्ही पाठवलेले बारा फोटो. ते मी दोन दिवस टेबलावर पसरून ठेवले होते. बारापैकी सात फोटोंत रंगीत भिंत आहे आणि भिंतीपुढून कुणीतरी चाललंय. पणजीच्या मळा भागातली पिवळी भिंत, 31 जानेवारी रस्त्यावरची निळी, लाल पट्ट्याची खिडकी, पायऱ्यांवरची सावली. चांगल्या भिंती आहेत. पण पिवळ्या भिंतीपुढून छत्री घेऊन जाणारी बाई बघा. तिच्या जागी दुसरी कुणी असती, पुरुष असता, तरी फोटो तोच राहिला असता. तुम्ही भिंत निवडलीत आणि माणसाची वाट बघितलीत. त्या बाईच्या वाट्याला चौकटीतली रिकामी जागा भरण्याचं काम आलं. उरलेल्या पाचांतल्या चार फोटोंत माणसं तुमच्याकडे बघताहेत, कुणी हसून, कुणी वैतागून. म्हणजे अकरा फोटोंत एक तर माणसाचं लक्ष कशावरच नाही, नाही तर तुमच्यावर आहे.

आणि बारावा? कदंब बसस्थानकावरचा तो हललेला फोटो, जो तुम्ही "हा बहुतेक वाया गेलाय" असं लिहून पाठवलात. बसच्या खिडकीतून एक मुलगी खाली वाकून आईच्या हातातला डबा घेतेय. बस सुटायला आलीय, डब्याच्या पिशवीचा एक बंद अजून आईच्या बोटांत अडकलाय, आणि दोघींचीही नजर त्या बंदावर आहे. बारांतला हाच फोटो मी परत परत बघितला.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि इतक्या वर्षांनंतर त्यावर माझा पक्का विश्वास बसलाय. रस्त्यावरचा फोटो मनात उतरतो तो त्यातल्या माणसाचं लक्ष जेव्हा दुसऱ्या कुणावर किंवा कशावर तरी मनापासून लागलेलं असतं तेव्हा. दुःखी चेहरा, सुरकुत्या, गरिबी, पावसातलं प्रतिबिंब यांनी क्षणभर डोळा अडकतो. माणूस ज्यात जीव ओतून उभा आहे ते दिसलं, की बघणाराही तिथंच थांबतो. आपण कुणाकडे बघतो यापेक्षा ते कुणाकडे बघताहेत, हे शोधायचं असतं.

हे मला माटोळीच्या बाजारात उमगलं. चतुर्थीच्या आधी दोन-तीन दिवस पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव सगळीकडे हा बाजार भरतो, तुम्ही पाहिलाच असेल. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी माटोळीला बांधायला रानातली फळं, पानं, घोस घेऊन सत्तरी, काणकोणकडच्या बायका रस्त्याच्या कडेला बसतात. आंबाडे, तवशी, नारळाच्या पेंडी, सुपारीचे कात्रे. सगळ्यांवर निळी ताडपत्री आणि वर पाऊस. 2016 साली मी तिथं सकाळपासून होतो आणि नेहमीचे फोटो काढत होतो: फळांचे ढीग, घासाघीस, चिखलातले पाय. वर्तमानपत्राला तेवढं पुरतं.

संध्याकाळी चारच्या सुमाराला सत्तर वर्षांच्या आसपासचे एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बगलेत बंद छत्री. त्यांनी एक कात्रो उचलला, सुपारीचा भरगच्च हिरवा घोस, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. मग मान वर करून त्याच्याकडे बघत राहिले. उजवीकडे सरकवला, थोडा खाली घेतला, पुन्हा वर. त्यांच्या डोक्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीत साठलेलं पाणी. पण त्यांना ती दिसत नव्हती. घरातल्या गणपतीच्या खोलीचं छत दिसत होतं, त्याखालची माटोळी दिसत होती, आणि हा कात्रो कोणत्या कोपऱ्यात बसेल ते ते जुळवत होते. विकणारी बाईसुद्धा भाव सांगायचं सोडून त्यांच्या हातांकडे बघत होती.

मी एकच फोटो काढला. नंतर पाहिला तर त्यात फार काही नाही: एक माणूस, वर केलेले हात, वर वळलेला चेहरा. पण जो बघतो तो विचारतो, "हे काय बघताहेत?" आणि विचारताना त्याची स्वतःचीही मान नकळत वर होते. त्या फोटोत नसलेलं घर त्यात दिसतं. हे मी घडवलेलं नव्हतं. माझं काम एवढंच, की मी तिथं होतो आणि फळांच्या ढिगाकडून नजर काढून वेळेवर त्यांच्याकडे वळवली.

तुम्ही म्हणाल, असा क्षण नशिबानं मिळतो. पूर्ण खरं नाही. 'निर्णायक क्षण' या शब्दानं आपल्या पिढ्यांचं एक नुकसान केलंय. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या 1952 सालच्या पुस्तकाला इंग्रजीत ते नाव मिळालं. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ साधारण 'घाईत, चोरून टिपलेली चित्रं' असा आहे. त्या इंग्रजी नावामुळे सगळ्यांची समजूत झाली, की क्षण एकदाच येतो आणि हुकला की गेला. रस्त्यावरचं आयुष्य तसं नसतं. रोजचं जगणं म्हणजेच पुन्हा पुन्हा घडणारं. तोच पोदेर, म्हणजे घरोघरी पाव विकणारा, तोच रस्ता, तीच वेळ.

दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवरचं सांगतो. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की धक्का लागतो. सकाळच्या फेरीला एक आजी नातवाला घेऊन दिवाडीहून अलीकडे बालवाडीत सोडायला येत. फेरीबोट धक्क्याला लागते तेव्हा पुढचा लोखंडी फळा सिमेंटवर आदळतो आणि कान बसतील असा आवाज होतो. एकदा मी बघितलं, की आवाज होण्याच्या क्षणभर आधी आजींनी नातवाचे दोन्ही कान हातांनी झाकले. बोलणं चालू होतं शेजारणीशी, मान तिकडेच होती, हात मात्र आपोआप नेमक्या वेळी खाली गेले. माझा फोटो हुकला, मी कॅमेरा वर करेपर्यंत हात परत पदराशी पोचले होते.

पण मला कळलं, की हे उद्याही होणार. तिसऱ्या दिवशी मी आजींशी बोललो, काय करतोय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, काढ बाबा. पाचव्या दिवशी फोटो मिळाला. तोवर मी त्यांच्या सवयीचा झालो होतो आणि त्यांचं लक्ष माझ्यावर उरलं नव्हतं. फोटोत आवाज नसतो, तरी तो फोटो बघताना लोक डोळे किंचित बारीक करतात, आता काहीतरी आदळणार म्हणून.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सुचवतो ती ही: तीन गावं पालथी घालणं थांबवा. एक जागा धरा आणि महिनाभर तिथंच जा. जागा अशी निवडा, की जिथं माणसांचं लक्ष एकमेकांत गुंतलेलं असतं. तुमच्या वाड्यात संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजतो ना? पों-पों ऐकू आलं की दारं उघडतात, कुणी बाल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या सोप्यातून, हाक मारतं, एखादं पोर हातात नाणी घट्ट धरून धावत येतं, सायकलवरच्या टोपलीचं प्लास्टिक बाजूला सरतं आणि पोयांची वाफ येते. पाच मिनिटांत चार वेगवेगळी नाती दिसतात, आणि सगळ्यांना पाव हवाय, तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं नेणाऱ्या पायलटांचा थांबाही असाच. त्यांच्या पिवळ्या मडगार्डचा फोटो सगळ्यांनी काढलाय, मी स्वतः शंभरदा काढलाय. त्यापेक्षा मागे बसणारी बाई एका हातानं फाइल आणि दुसऱ्या हातानं पदर सांभाळत बसते, आणि पायलट ती नीट बसलीय का हे आरशात बघतो, ते आरशातले डोळे बघा.

परवानगीचं आता. यावर माझी मतं कडक आहेत आणि ती एका चुकीतून आलीत. 2009 साली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी एका भाजीवालीचा फोटो काढला. दुपारची वेळ, ती मिरच्यांच्या वाट्यांमागे बसल्या बसल्या झोपी गेली होती, तोंड थोडं उघडं, हात तागडीवर. उजेड सुंदर पडला होता. फोटो एका प्रदर्शनात लागला, खूप वाखाणला गेला, 'कष्टांचं काव्य' वगैरे लोक बोलले. शेवटच्या दिवशी एक तरुण माझ्याकडे आला. ती त्याची आई होती. तो चिडला नव्हता. म्हणाला, "आमची आवय सगळो दीस वावुरता, आनी तुका ती न्हिदिल्लीच दिसली?" आमची आई दिवसभर राबते, आणि तुला ती झोपलेलीच दिसली? मी काहीच बोलू शकलो नाही. फोटो त्याच दिवशी भिंतीवरून उतरवला आणि पुन्हा कुठंही दिला नाही.

त्याचं वाक्य मी अनेक वर्षं मनात घोळवलं. ती पहाटे उठून आलेली, शंभर जणांशी बोललेली, मिरचीच्या प्रत्येक वाट्याचा हिशेब डोक्यात ठेवणारी बाई. त्या सगळ्या वेळात तिच्यात जीव होता, लक्ष होतं, हुशारी होती. मी नेमका तिचं कशावरच लक्ष नसलेला क्षण निवडला, कारण तेव्हा ती मला अडवू शकत नव्हती. झोपलेले, भीक मागणारे, वेडसर, रडणारे यांचे फोटो सोपे असतात. त्यांना बघून बघणाऱ्याला कणव येते आणि आपल्याला वाटतं फोटो जमला. ती कणव खरी असते, पण त्यात समोरच्या माणसाबद्दल काहीच कळलेलं नसतं.

तर माझा नियम असा. गर्दीत, चालत्या बाजारात, जत्रेत आधी विचारत नाही, विचारलं की क्षण मोडतो. पण काढल्यावर नजरानजर झाली तर हसतो, जवळ जातो, दाखवतो. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसतो. एकटं माणूस, दुकानात बसलेलं, घराच्या पायरीवर, तिथं आधी विचारायचं आणि मग थांबायचं. विचारल्यावर पहिली दहा मिनिटं माणूस फोटोसाठी बसतो, नंतर कंटाळून आपल्या कामाला लागतो, आणि आपलं काम तेव्हा सुरू होतं. मुलांचा फोटो सोबतच्या मोठ्यांना विचारूनच. किनाऱ्यावर पोहणाऱ्या, पहुडलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढणं याला मी रस्त्यावरची फोटोग्राफी मानतच नाही. गोव्यात या गोष्टीनं बायकांना जो त्रास होतो तो मी डोळ्यांनी पाहिलाय. आणि मळ्यातल्या, फोंतायन्यशमधल्या घरांच्या दारात उभं राहून दिवसभर फोटो काढणाऱ्या झुंडींना तिथली माणसं किती विटलीत, हे त्यांच्या खिडक्यांवरच्या पाट्याच सांगतात. तिथं काढायचं असेल तर आधी कोपऱ्यावरच्या दुकानात चहा घ्या, दोन-चारदा नुसते जा, कॅमेरा पिशवीत ठेवून.

रंग की कृष्णधवल? रंग ठेवा. गोव्यातला रंग हा माणसांनी निवडलेला असतो, पावसाळा सरला की भिंत पुन्हा रंगवणारं घर असतं त्यामागे. छायाचित्रकार रघुवीर सिंह (1942–1999) यांचे फोटो शोधून बघा. कोडाक्रोम फिल्मवर, भर गर्दीत, एका चौकटीत पाच-सहा गोष्टी चाललेल्या, आणि तरी रंग माणसांवर कुरघोडी करत नाही. फोटो कृष्णधवल करून बघायचा एकच उपयोग मी सांगतो. रंग काढल्यावर फोटोत काहीच उरलं नाही, तर तो फोटो भिंतीचा होता.

तांत्रिक थोडं सांगतो, कारण हात कॅमेऱ्यात अडकला की नजरही अडकते. तुमच्या 28 च्या लेन्सवर छिद्र (अॅपर्चर) एफ/8 ठेवा आणि फोकस हातानं अडीच मीटरवर लावून टाका. साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, फोकस शोधत बसावं लागत नाही. शटर 1/500 सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. मासळी मार्केटात आत गेलात की मात्र शटर 1/100 वर आणा. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, आणि यापेक्षा जास्त वेग ठेवला तर फोटोवर काळपट पट्टे उमटू शकतात. माटोळीच्या बाजारात निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात. ते नंतर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) सुधारता येतात, पण पूर्ण कधीच जात नाहीत. त्यापेक्षा ताडपत्रीच्या कडेला, बाहेरचा उजेड आत येतो तिथल्या माणसांजवळ उभे राहा.

दुपारचं ऊन टाळा असं सगळे सांगतात. पणजी साधारण 15.5 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे एप्रिल संपता-संपता आणि पुन्हा ऑगस्टमध्ये सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. तेव्हा उघड्यावर न जाता बाल्कांव, दुकानाची पडवी, मार्केटच्या कमानी धरा. बाहेरच्या फरशीवरून परतणारा उजेड खालून चेहऱ्यावर येतो, त्यासारखा मऊ उजेड नाही. आणि पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर लेन्समध्ये बुरशीची जाळी धरते. माझ्या दोन लेन्स अशाच गेल्या.

उरलं निवडणं, आणि यात तुम्ही सगळ्यात कमी पडता असं मला वाटतं. तुम्ही काढलेल्या दिवशीच फोटो निवडता. त्या दिवशी आपल्याला फोटो दिसत नाही, आपली मेहनत दिसते: किती वेळ उभं राहिलो, ऊन किती होतं, भिंत कशी सापडली. रस्त्यावरचे फोटो काढणारे अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड मुद्दाम वर्ष-वर्ष फिल्म धुवायचे नाहीत, काढतानाचा आनंद विसरला जावा म्हणून. 1984 साली ते गेले तेव्हा न धुतलेली सुमारे 2,500 रिळं मागे होती. एवढं थांबू नका, महिनाभर थांबा. मग चार बाय सहाचे साधे प्रिंट काढा, स्वयंपाकघरात लावा. घरचे येता-जाता कोणत्या फोटोपाशी रेंगाळतात ते बघा, त्यांना विचारू मात्र नका. बसस्थानकावरचा तो डब्याचा फोटो तुम्ही महिन्याभरानं पाहिला असता, तर वाया गेला असं म्हणाला नसता.

आणि प्रिंट द्यायचे. हे नियम म्हणून नाही सांगत, मला त्यातून खूप मिळालंय म्हणून सांगतो. माटोळीच्या त्या गृहस्थांचा प्रिंट मी पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आधी खिशात घेऊन गेलो. त्यांचं नाव-गाव मला ठाऊक नव्हतं. तीच बाई त्याच जागी बसली होती, तिनं फोटो बघितल्या बघितल्या ओळखलं, म्हणाली थांबा, ते येतील, दर वर्षी माझ्याकडूनच नेतात. दोन तास थांबलो. आले. छत्री बगलेत, विजार तशीच दुमडलेली. मी प्रिंट हातात दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बराच वेळ बघत राहिले. स्वतःच्या चेहऱ्यावर त्यांची नजर थांबलीच नाही. बोट वर नेऊन फोटोतल्या घोसावर ठेवलं, बाईला दाखवलं आणि म्हणाले, "त्या वर्सा कात्रो बरो मेळिल्लो."